दैवाचे स्थान पाचवे

ग्राइंडरची डिस्क फुटून कामगाराचा डोळा गेला, की त्या घटनेचे कारण म्हणून बहुधा आधी नशिबाचे नाव घेतले जाते, आणि असे म्हणण्यात श्रद्धा आहे असे बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्यालाही वाटते. परंतु ज्या परंपरेच्या आधाराने हे बोलले जाते, तिची स्वतःची कारणमीमांसा याहून कितीतरी कडक आहे. कोणतेही कर्म, मग ते न्याय्य असो वा विपरीत, पाच कारणांनी घडते असे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे: अधिष्ठान, ज्याचा अर्थ शंकराचार्य शरीर असा करतात, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. पाचवे आले म्हणून दैव गौण ठरते असे नव्हे. मात्र ते उरलेल्या चारांची जागा घेऊ शकत नाही, एवढे या गणनेतून निश्चित होते. शिवाय शांकरभाष्यात या ठिकाणी दैव म्हणजे नशीब नव्हेच, तर डोळ्याला साहाय्य करणाऱ्या आदित्यासारख्या, इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता होत.

करण या शब्दाने भाष्यकार इंद्रिये घेतात, पण अवजार हा हाताचाच विस्तार असल्याने तो अर्थ तेथवर नेणे गैर नाही. ग्राइंडरची कापण्याची डिस्क अखंड धातूची नसते. ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे कण राळेने बांधून आणि आत काचतंतूंची जाळी घालून ती तयार केलेली असते. १२५ मिलिमीटर व्यासाची डिस्क मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर होतो, आणि अशा डिस्कवर बहुधा सेकंदाला ८० मीटरची मर्यादा छापलेली असते. १८० मिलिमीटरच्या डिस्कचे मधले भोकही तेवढेच, २२.२३ मिलिमीटरचे असल्याने ती या लहान मशीनवर बसते. आड येते ते फक्त गार्ड, म्हणजे डिस्क आणि माणूस यांच्यामधले अर्धगोल संरक्षक आवरण, आणि म्हणून तेच काढून टाकले जाते. मग कडेचा वेग सुमारे १०४ मीटरवर जातो, आणि डिस्कला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होतो. अशी डिस्क फुटली, तर दैवाकडे वळण्याआधीच करण नावाचे कारण हाती लागलेले असते.

चेष्टेचेही तसेच आहे. कापण्याची डिस्क कडेने कापण्यासाठी असते, तिच्या बाजूने घासण्यासाठी नव्हे, कारण आडवा जोर ती सोसत नाही. दोन्ही टोकांना आधार असलेली नळी मधोमध कापली, की कापणी पुरी होताना नळी खचते, फट मिटते, डिस्क चिमटली जाते आणि अख्खे मशीन झटक्याने चालवणाऱ्याकडे उसळते. म्हणून कापून पडणारे टोक मोकळे ठेवणे, उरलेला भाग व्हाइसमध्ये घट्ट पकडणे, बाजूचे हँडल लावून मशीन दोन्ही हातांनी धरणे आणि स्वतः डिस्कच्या रेषेतून बाजूला उभे राहणे, या चार गोष्टी एकत्रच कराव्या लागतात. डोळ्यांवर गॉगल आणि त्यावर चेहऱ्याचे ढालीसारखे आवरण हवेच.

स्विच बंद केल्यानंतरही डिस्क काही सेकंद फिरत राहते, आणि येथे परंपरेतील एक प्रसिद्ध दृष्टांत अगदी जवळ येतो. ज्ञान झाल्यावरही ज्ञान्याचा देह का टिकतो, हे सांगताना सांख्यकारिका आणि ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य कुंभाराच्या चाकाकडे बोट दाखवतात: चाक फिरवणे थांबले तरी मिळालेला वेग संपेपर्यंत ते फिरतच राहते. फळ देऊ लागलेले कर्म, म्हणजे प्रारब्ध, ते असे. या दृष्टांतातच प्रारब्धाची सीमा आखलेली आहे. मिळालेला वेग परत घेता येत नाही हे खरे. पण डिस्क कोणती बसवावी, गार्ड ठेवावे की काढावे, आणि डिस्क पुरती थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नये, हे सारे क्रियमाण, म्हणजे या क्षणी केले जात असलेले कर्म होय. स्विच दाबण्यापूर्वीच्या निर्णयांना प्रारब्ध म्हणणे ही श्रद्धा नसून त्या शब्दाचा दुरुपयोग आहे.

राहतो कर्ता, आणि खरा कठीण प्रश्न तोच आहे. केवळ आत्म्यालाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असे त्याच अध्यायाचा सोळावा श्लोक म्हणतो. तेथे अभिप्रेत आहे ते आत्म्याचे अकर्तेपण; त्यातून कामगार कायदा काढणे ही ओढाताण होईल. तरीही पाच कारणे मान्य केल्यावर सगळा दोष ग्राइंडर धरणाऱ्या एकट्यावर टाकता येत नाही, कारण नगावर मजुरी ठरवणारा, गॉगल न देणारा आणि मोठी डिस्क लहान मशीनवर चढवायला सांगणारा, हे सगळे त्या कर्माच्या घडणीत आहेत. पंचविसाव्या श्लोकात अनुबंध म्हणजे पुढचा परिणाम, क्षय म्हणजे हानी, हिंसा आणि पौरुष म्हणजे आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटले आहे, आणि हे वर्णन मालकाच्या निर्णयाला कारागिराच्या घाईपेक्षा अधिक नेमके लागू पडते. प्रत्येक घासचाकाचा कमाल सुरक्षित वेग यंत्राजवळ लिहून लावावा असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सांगितले होते, पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात त्याची सर्वसाधारण मर्यादा दहा कामगारांपासून सुरू होत असे, आणि गल्लीतल्या दोघा-तिघांच्या फॅब्रिकेशन शेडला ते कलम सहसा लागूच होत नसे. तेथे जबाबदारी कर्त्यांच्या धर्मबुद्धीवरच उरते.

याच शेडमध्ये खंडेनवमीला ग्राइंडरला हळदकुंकू वाहून झेंडूचे फूल ठेवले जाते, आणि त्या पूजेत अवजाराविषयीची कृतज्ञता निःसंशय खरी असते. परंतु भग्न मूर्ती पूजेस योग्य मानली जात नाही, हा नियम मानणाऱ्यांनी गार्ड काढलेल्या यंत्रालाही तो लावून पाहिला पाहिजे. त्या दिवशी मशीन बंद असते आणि प्लग काढलेला असतो. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावरची मुदत वाचायला, कडेचा टवका उडालेली किंवा ओल लागलेली डिस्क वेगळी काढायला आणि वायर कोठे सोलली आहे हे बोटाने चाचपायला वर्षात याहून सोयीचा दिवस क्वचितच मिळतो.