कोंडपल्लीचा हुकूम

(जुन्नरास राहणारे एक निवृत्त मामलेदार आणि त्यांचे स्नेही, हायस्कुलात इतिहास शिकवणारे मास्तर, यांच्यात बहमनी राज्याच्या अस्ताविषयी झालेला हा वाद. मामलेदारसाहेब इतिहासात शिरतात ते दफ्तराच्या दाराने; माझ्या मते ते दार अगदीच चुकीचे नव्हे.)

रावसाहेब : तिसरा महंमदशहा १४८२ साली वारला, बारा वर्षांचा महमूद तख्तावर बसला आणि पोर राजा पाहून सरदार स्वतंत्र झाले, असे तुम्ही मुलांना शिकवता. मास्तर, याला मी कारण म्हणत नाही. ही नुसती तारीखवार नोंद झाली.

मास्तर : अल्पवयी वारस आणि बलिष्ठ सरदार यांचा योग जुळला म्हणजे राज्ये खचतात, याला इतिहासात साक्षी थोड्या नाहीत.

रावसाहेब : मग १४६१ ची साक्ष का घेत नाही? हुमायूनशहा वारला तेव्हा निजामशहा आठ वर्षांचा होता; माळव्याचा महमूद खिलजी खुद्द बीदर शहरात शिरला, आणि गुजरातच्या सुलतानाची कुमक आली म्हणून तो मागे फिरला; पुढे लवकरच तो बालराजाही गेला आणि त्याचा धाकटा भाऊ, तोच हा तिसरा महंमद, पोरवयातच गादीवर आला. दोन पोरे पाठोपाठ तख्तावर बसली, शत्रू राजधानीत आला, तरी राज्य उभे राहिले. कारण राजमाता नर्गिस बेगम, ख्वाजा जहान आणि महमूद गावान यांचा शब्द सुभ्यांत चालत होता. वीस वर्षांनी तसेच पोर गादीवर बसले आणि तीच इमारत कोसळली, तेव्हा वयाखेरीज दुसरे काहीतरी मध्यंतरी बिघडले असले पाहिजे.

मास्तर : बिघडले ते ५ एप्रिल १४८१ रोजी, कोंडपल्लीच्या छावणीत. पण बिघाडाचे बीज वजीर गावानच्याच सुधारणांत होते, असे मी म्हटले तर तुम्ही रागवाल.

रावसाहेब : रागावेन खरा. ज्याने उभा जन्म कचेरीत घालवला, त्याला त्या माणसाच्या कामाची किंमत कळते. चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, त्याने आठ केल्या : वऱ्हाडच्या गाविलगड आणि माहूर, दौलताबादच्या दौलताबाद आणि जुन्नर, त्याचप्रमाणे गुलबर्गा आणि तेलंगण यांच्याही दोन दोन. प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. तरफेतील काही मुलूख खालसा करून त्याचा वसूल थेट सरकारात आणला. जमिनीची मोजणी सुरू केली. आणि ज्या सरदाराने जहागिरीच्या बदली नेमके स्वार ठेवले नाहीत, त्याच्याकडून तेवढी रक्कम कापून घेण्याचा दंडक घातला. हजिरीपटावर स्वार आणि तबेल्यात घोडा नाही, हा रोग किती जुना आहे, हे मला कोणी शिकवायला नको.

मास्तर : आणि म्हणूनच ज्यांचे किल्ले गेले, ज्यांचा खोटा हजिरीपट उघडा पडला, ते सारे एका माणसाचे वैरी झाले. त्यात तो गिलानचा, म्हणजे दख्खनी सरदारांच्या दृष्टीने परका. मलिक हसन निजामुल्मुल्क बहिरीच्या पक्षाने वजिराच्या शिक्केदाराला वश करून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, आणि त्यावर ओरिसाच्या गजपतीला राज्यावर चढाई करण्याचे निमंत्रण लिहिले. सुलतानाने शिक्का पाहिला, गावान म्हणाला, शिक्का माझा आहे, मजकूर माझा नाही. आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या वजिराची गर्दन तिथेच मारली गेली.

रावसाहेब : चौकशी नाही, कैफियत नाही, अक्षर कोणाचे ते ताडून पाहणे नाही! यात मला सुलतानाहून वजिराचाच राग येतो. सुलतानाचे बोलावणे आले तेव्हा, दरबारात जाऊ नका, स्वार तयार आहेत, गुजरातेत निघून जा, असे स्नेह्यांनी विनवले होते. तरी तो गेला. एका मद्यप्याच्या लहरीपुढे त्याने मान दिली, आणि मानेबरोबर राज्यही दिले. त्याची निष्ठा राज्याशी असती, तर त्याने त्या दिवशी हुकूम मोडला असता.

मास्तर : हुकूम मोडून तो गुजरातेत गेला असता, तर परराज्याशी त्याचे संधान आहे, हा त्या बनावट पत्राचा मजकूर त्याने स्वतःच खरा करून दिला असता. राज्य आणि राजा हा भेद तुम्ही करता. पण तुमच्यामागे कायद्याचे पुस्तक होते, त्याच्यामागे काय होते? आठ तरफदारांना त्याने जे बंधन घातले ते सुलतानाच्या नावाने; त्या नावाची अवज्ञा त्यानेच केली असती, तर दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने त्याने त्यांच्याकडून किल्ले परत मागितले असते?

रावसाहेब : म्हणजे गेला तर राज्य बुडते, न गेला तरी बुडते?

मास्तर : तसेच काहीसे. आणि न जाण्याचे फळ काय, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. वजिराच्या वधानंतर त्याच्याच आश्रयाने वाढलेला यूसुफ आदिलखान, वऱ्हाडचा फतहुल्ला इमादुल्मुल्क, असे सरदार सुलतानाच्या छावणीपासून अंतर राखून तळ देऊ लागले; मुजरा करायचा तोही लांबूनच. तुम्ही गावानला जे करायला सांगता, तेच त्यांनी केले, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? निष्ठावंताची गत त्यांनी पाहिली होती. पुढल्याच वर्षी सुलतान वारला; कारस्थानी मलिक हसन स्वतः वजीर झाला आणि १४८६ मध्ये बीदरातच मारला गेला; त्याचा मुलगा मलिक अहमद इथे, आपल्या जुन्नरास, बापाच्या सुभ्यावर पाय रोवून बसला आणि १४९० मध्ये त्याने बहमनी फौजेचा पराभव करून निजामशाही उभी केली. बीदरात महमूदशहा मात्र १५१८ पर्यंत नावाचा सुलतान राहिला, बरीद घराण्यातल्या सरदारांच्या मुठीत. दरबार होता; दरबारात निःशंक जाण्यासारखे काही उरले नव्हते.

रावसाहेब : असो. एका गोष्टीत तरी माझी तक्रार मान्य करा. सर्वांचे सुभे तोडणाऱ्या या गृहस्थाने विजापूरची तरफ स्वतःकडे का ठेवली? तीच तरफ पुढे यूसुफच्या हाती आली आणि तिचीच आदिलशाही झाली. मी असतो, तर पहिली सोडचिठ्ठी माझ्याच तरफेची दिली असती.

मास्तर : दिली असतीत, यात शंका नाही. पण मग आठ तरफदारांकडे स्वारांची हजिरी मागायला, रावसाहेब, तुम्ही कोणाचे स्वार घेऊन गेला असतात?