वाचलेलेच पुन्हा का वाचावे?

पदवी परीक्षेचा निकाल लागतो, दीक्षान्त समारंभाचे छायाचित्र भिंतीवर लागते आणि घरातील एक मोठे पर्व संपते. ज्या मुलाने पंधरा-सोळा वर्षे कोणीतरी नेमून दिलेली पुस्तके, नेमून दिलेल्या वेळात आणि नेमून दिलेल्या प्रश्नांसाठी वाचली, त्याच्या मानेवरील ते जू एकाएकी उतरते. आता काय वाचावे हे सांगणारा कोणी उरत नाही. वाचले की नाही हे विचारणाराही उरत नाही. अशा वेळी कित्येक तरुण-तरुणींचा हात नव्या पुस्तकाकडे न जाता पूर्वी आवडलेल्या एखाद्या कादंबरीकडे जातो. पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या असतात, शेवट ठाऊक असतो, तरीही वाचन सुरू होते. घरातील वडीलधारी माणसे हे पाहतात आणि म्हणतात, "अरे, वाचलेलंच काय पुन्हा वाचत बसलास? त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेचं एखादं पुस्तक हातात घे!"

आईवडिलांच्या या बोलण्यामागे काळजी असते, हे आम्ही जाणतो. परंतु त्यात एक गृहीतही दडलेले असते: जे एकदा झाले ते संपले, आणि ज्याचे गुण मिळत नाहीत त्यावर घालविलेला वेळ वाया गेला. हे गृहीत खरे मानले, तर पदवीनंतरचे बहुतेक आयुष्यच वाया जाते असे म्हणावे लागेल. कारण त्या आयुष्यात नवे असे फार थोडे असते. तीच सकाळची विरार लोकल, कचेरीतील तेच टेबल, घरी परतल्यावर तीच माणसे आणि तेच विषय. शाळेत दर जूनमध्ये नवी इयत्ता येत असे. संसारात इयत्ता बदलत नाही. म्हणून जुनी कादंबरी पुन्हा वाचण्यात काही अर्थ आहे काय, हा प्रश्न आम्हांस केवळ आवडीनिवडीचा वाटत नाही. रोजच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या दिवसांना काही अर्थ आहे काय, हाच तो प्रश्न आहे.

प्रथम पुनर्वाचनात नेमके काय घडते ते पाहू. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातील धनगरांच्या एका लहानशा वाडीवर शिक्षक म्हणून नेमला गेलेला तरुण तिचा निवेदक आहे. शिक्षण संपवून पहिल्या नोकरीवर जाणाऱ्या माणसाचीच ही कथा आहे. पहिल्या वाचनात आपण त्याच्याबरोबर वाट तुडवितो. शाळा भरेल का, लोक त्याला आपला मानतील का, वाडीवर तालीम उभी राहील का, ही उत्सुकता आपल्याला पुढे ओढीत नेते. शेवटी दुष्काळ येतो, माणसे आणि मेंढरे दाही दिशांना जातात, वाडी ओस पडते. पुस्तक मिटताना मन सुन्न होते.

दुसऱ्या वाचनात हा शेवट आपल्याला प्रथमपासूनच ठाऊक असतो. लोक तालमीसाठी घाम गाळतात, तेव्हा ही वाडी पुढे ओस पडणार आहे हे आपण जाणून असतो. मग ते श्रम फुकट गेले काय? पहिल्या वाचनात हा प्रश्न विचारायला उसंतच नसते. दुसऱ्या वाचनात तो आपल्यासमोर ठाण मांडून बसतो, आणि त्याचे उत्तर आपल्याला त्या माणसांच्या चेहऱ्यांत शोधावे लागते. एकमेकांशी भांडणारी, रुसणारी माणसे एका कामासाठी एकत्र आली होती, हे दुष्काळाने पुसले जात नाही. हे ज्याला उमजले, तो स्वतःच्या आयुष्यातील न टिकलेल्या कामांकडेही थोड्या अधिक ममतेने पाहू लागतो.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रकाशित झाली. महाविद्यालयात असताना ती वाचणाऱ्यांना पांडुरंग सांगवीकराचे पुण्यातील वसतिगृहातले दिवस भुरळ घालतात. ती थट्टा, ती मित्रमंडळी, तो उडवाउडवीचा सूर आपलाच वाटतो. शिक्षण संपवून घरी बसलेल्या तरुणाने तीच कादंबरी उघडली, की जड होतात ती गावाकडची पाने. रित्या हाताने घरी परतणे म्हणजे काय, वडिलांच्या समोर वावरणे म्हणजे काय, धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू घरातल्या प्रत्येकाला कसा वेगळा भोगावा लागतो, हे आता त्याला दिसते. पुस्तकातील एक अक्षरही बदललेले नाही. वाचणाऱ्याच्या अंगावर मात्र दरम्यान काही वर्षे येऊन पडली आहेत.

आमच्या पेशाशी संबंधित एका कादंबरीचा उल्लेख येथे करावासा वाटतो. फ्रेंच कॅथलिक लेखक जॉर्ज बेर्नानोस यांनी १९३६ साली एका खेड्यातील धर्मगुरूच्या रोजनिशीच्या रूपाने ती लिहिली. सेमिनरीतील विद्यार्थी ती वाचतो तेव्हा त्या कृश, आजारी, एकाकी तरुण धर्मगुरूमध्ये तो स्वतःला पाहतो. आमच्यासारखा पन्नाशी ओलांडलेला धर्मगुरू ती पुन्हा हाती घेतो, तेव्हा नजर शेजारच्या गावातील वयस्क, धिप्पाड, रोखठोक बोलणाऱ्या धर्मगुरूकडे वळते. या कोवळ्या बंधूला जपण्यासाठी एवढ्या अनुभवी माणसालाही किती थोडे करता येते, याचे दुःख आता कळते. एकच कथा तिशीच्या आतल्या माणसाला धीर देते आणि पन्नाशीनंतरच्या माणसाला जबाबदारीची आठवण करून देते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. धर्मगुरुपदाच्या उमेदवारांना डोळ्यांसमोर ठेवून ते सुरू झाले होते. परंतु माणूस म्हणून प्रौढ होण्याच्या वाटेवर कथा-कादंबऱ्या आणि काव्य सर्वच ख्रिस्ती जनांना उपयोगी पडतात, असे त्यांना दिसून आले. पोप स्वतः १९६४ आणि १९६५ या काळात आर्जेन्टिनातील सान्ता फे येथे येशूसंघाच्या शाळेत साहित्य शिकवीत असत. नेमलेले प्राचीन काव्य मुलांना रुचेना, तेव्हा ते घरी वाचावे आणि वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक वाचावेत, अशी तोड त्यांनी काढली. ज्या वाचनाला आवडीचा स्पर्श नाही ते परीक्षेच्या पलीकडे टिकत नाही, हे त्या तरुण शिक्षकाने ओळखले होते. पदवीनंतर परीक्षा संपते, म्हणून खऱ्या अर्थाने वाचन तेथूनच सुरू होऊ शकते.

आता रोजच्या जीवनाकडे वळू. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांना एका विशिष्ट मोहाची फार भीती वाटे. आपण सात प्रमुख पापांत ज्याला आळस म्हणतो त्याचे ते मूळ रूप. परंतु आळस या शब्दाने त्याचा पुरता बोध होत नाही. 'उबग' हा शब्द अधिक जवळचा. त्या तपस्व्यांपैकी एव्हाग्रियस यांनी त्याचे वर्णन करून ठेवले आहे. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा भासतो, तपस्वी पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो. मग त्याला आपल्या जागेचा, आपल्या कामाचा आणि आपल्या बांधवांचाही तिटकारा येऊ लागतो. दुसरीकडे कोठे तरी गेलो तर सारे सुरळीत होईल, असे मन सांगत राहते.

हे वर्णन सोळाशे वर्षांपूर्वीचे आहे, हे सांगितले नाही तर कोणालाही ते आपल्या धर्मग्रामातील एखाद्या पदवीधराचे वाटेल. नोकरीची वाट पाहणारा किंवा नोकरीत रुळू न शकलेला तरुण दर पाच मिनिटांनी मोबाईल पाहतो, तो याच दुपारी सापडलेला असतो. त्याला दोष देऊन काही साधत नाही. नव्याची तहान त्याने एकट्याने निर्माण केलेली नाही; दर क्षणाला काही नवे दाखविणारे जगच त्याच्या खिशात आहे. तपस्व्यांचा यावरचा उपाय साधा होता: आपली खोली सोडू नये, जेथे आहोत तेथेच थोडे अधिक खोल उतरावे. जुने पुस्तक पुन्हा वाचणे हा त्या उपायाचा एक सौम्य, आनंददायक सराव आहे, असे आम्हांस वाटते. तेथे माणूस नवे काही मिळविण्यासाठी जात नाही. जे आहे त्याच्याजवळ तो थांबतो, आणि थांबल्यामुळेच त्याला अधिक दिसते.

ख्रिस्तसभेने आपल्याला हेच शिकविले आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ च्या आगमनकाळापासून रविवारच्या मिस्सातील वाचनांचे तीन वर्षांचे चक्र सुरू झाले: एक वर्ष संत मत्तय, एक वर्ष संत मार्क, एक वर्ष संत लूक. उधळ्या पुत्राची कथा अशी पुन्हा पुन्हा आपल्या कानांवर येते. विशीत ती ऐकताना आपण धाकट्या मुलाच्या बाजूला असतो. घरचा भार खांद्यावर आला की थोरल्याचा राग कळू लागतो. स्वतःची मुले दूर गेली म्हणजे वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप कळतो. कथा ठाऊक आहे म्हणून कोणी रविवारी उठून जात नाही. संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापल्या गेलेल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात तर पुनरावृत्ती ही चिंतनाची एक रीतच आहे. जेथे मनाला गोडी लागली किंवा जेथे ते कोरडे पडले, तेथेच परत जावे, असे ते सांगतात. पुष्कळ जाणण्यापेक्षा थोडे आतून चाखणे त्यांना मोलाचे वाटे.

येथे कोणी योग्य शंका काढील. कादंबरी ही काही शुभवर्तमान नव्हे. आणि परिचित पुस्तकात तोंड लपवून बसणे ही पळवाटही असू शकते. ही शंका आम्हांस मान्य आहे. अविलाच्या संत तेरेजा यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, लहानपणी शूर सरदारांच्या अद्भुत कथांचा त्यांना नाद लागला होता आणि वडिलांच्या नकळत त्या रात्रंदिवस वाचीत. परंतु त्यांनी सांगितलेली एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हाती नवे पुस्तक नसेल तर त्यांना चैन पडत नसे. म्हणजे त्यांच्या मनाची ओढ नव्याकडे होती. तरीही जुन्या पुस्तकाचाही नशा करता येतो, हे नाकारता येत नाही. मग ओळखावे कसे?

कसोटी पुन्हा संत इग्नेशियस यांच्याच जीवनात सापडते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला जखम होऊन ते घरी पडून होते. त्यांना वीरकथा हव्या होत्या. घरात मिळाली ती प्रभू ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा सांगणारी पुस्तके. तीच त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. मधूनमधून दरबारी पराक्रमाची स्वप्नेही ते रंगवीत. दोन्ही गोष्टी त्या त्या वेळी गोड वाटत. परंतु एकीनंतर मन रुक्ष होई आणि दुसरीनंतर प्रसन्न राही. हा फरक त्यांनी टिपला आणि त्यातून विवेकाची एक मोठी परंपरा जन्मास आली. आमच्या तरुण वाचकांनी हीच कसोटी लावावी. पुस्तक मिटल्यावर मनात काय उरते? स्वयंपाकघरातील आईचा आवाज ऐकू येतो की कटकट वाटतो? शेजारच्या माणसाला भेटावेसे वाटते की टाळावेसे वाटते? पुस्तक माणसांकडे परत पाठवीत असेल तर ते दहाव्यांदा वाचावे. माणसांपासून तोडीत असेल तर ते पहिल्यांदाच वाचत असलात तरी काही काळ बाजूला ठेवावे.

अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांची आठवण येथे होते. त्या अनोळखी सोबत्याने त्यांना नवे शास्त्र सांगितले नाही. मोशे आणि संदेष्टे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले होते. ऐकलेलेच त्यांनी त्या संध्याकाळी पुन्हा ऐकले, आणि त्यांची मने पेटून उठली. पुढे काय झाले तेही महत्त्वाचे आहे: रात्र झालेली असूनही ते उठले आणि ज्या येरुशलेमहून हताश होऊन निघाले होते तेथेच, आपल्या बांधवांकडे, परत गेले. गाव तेच होते, माणसेही तीच होती.

घरातील वडीलधाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे की, पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी जुनी कादंबरी घेऊन बसली तर त्या तासाचा हिशेब लगेच मागू नये. नोकरीसाठीचे अर्ज, मुलाखती, घरची कामे ही व्हायलाच हवीत. त्यांतून सूट मागण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. परंतु ज्याचे गुण मिळत नाहीत, जे कोणी पाहत नाही आणि ज्याचा शेवट आधीच ठाऊक आहे, अशा गोष्टीकडे प्रेमाने परत जाण्याची सवय त्याला लागत असेल, तर ती मोडू नये. उद्या संसारात हीच सवय त्याच्या कामी येईल. पन्नास वर्षे एकाच जोडीदाराचे बोलणे ऐकायचे, आजाऱ्याचे तेच गाऱ्हाणे रोज नव्याने ऐकून घ्यायचे, तीच जपमाळ रोज संध्याकाळी हाती घ्यायची, यासाठी जी निष्ठा लागते ती एका दिवसात येत नाही. ती कोठून तरी शिकावी लागते. कोणाला ती शेतात सापडते, कोणाला वेदीजवळ, तर कोणाला कडा पिवळ्या पडलेल्या एखाद्या पुस्तकात.