चढणीवर तकबीर, उतरणीवर तसबीह

उन्हाळी सुट्टी लागली की आपल्यापैकी अनेक कुटुंबे काश्मीरला जातात. त्यांतील काही आता श्रीनगरहून मोटारीने थेट लेहपर्यंत जातात. सुमारे ४२० किलोमीटरांचा हा रस्ता सोनमर्गची हिरवळ सोडून झोजी-ला खिंडीकडे चढतो. साडेतीन हजार मीटर उंचीची ती खिंड ओलांडली की झाडी संपते आणि द्रास, कारगिलपासून पुढे पिवळसर, तांबडे, जांभळट, काळे असे उघडे डोंगर दिसू लागतात.

पवित्र कुरआनने (३५:२७) पर्वतांतील पांढऱ्या, तांबड्या व गडद काळ्या पट्ट्यांकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. लगेच पुढच्या आयतीत अल्लाहचे भय बाळगणाऱ्या ज्ञानवंतांचा उल्लेख येतो. म्हणजे हे रंग डोळे भरून पाहणे ही उपासनेचीच सुरुवात होय, मात्र पाहणाऱ्याला निर्मात्याची आठवण हवी.

हजरत जाबिर (र.) यांच्या कथनानुसार सहाबा सफरीत चढण चढताना ‘अल्लाहु अकबर’ आणि उतरताना ‘सुब्हानल्लाह’ म्हणत (बुखारी). उंचीवर पोहोचलेल्या माणसाला आपण मोठे झाल्याचा भास होतो. नेमक्या त्याच क्षणी जिभेवर अल्लाहची थोरवी यावी, यातील मर्म उघड आहे. एका सफरीत लोक हे फार मोठ्याने म्हणू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आवरले, तुम्ही ज्याला हाक मारता तो बहिरा नाही, दूरही नाही, असे समजावले. वळणावळणावर विनाकारण वाजणाऱ्या भोंग्यांविषयी मग काय बोलावे!

तकबीर ओठांवर आणि वागणूक मात्र बेपर्वा, असे चित्र या रस्त्यावर दिसते. दोन दिवसांचा प्रवास एका दिवसात उरकण्यासाठी चालकाला घाई केली जाते. हिरव्या प्रदेशातून जाताना उंटाला चरू द्या, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे (मुस्लिम). मुक्या जनावराचा हा हक्क असेल, तर दिवसभर सुकाणू धरून बसलेल्या माणसाच्या झोपेचा व जेवणाचा हक्क किती मोठा! छायाचित्रासाठी अरुंद वळणावर गाडी थांबवायला लावणे हा तर समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाच्या जिवाशी खेळ आहे. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ज्या धर्मात ईमानची शाखा ठरते, त्याच्या अनुयायांनी स्वतःच रस्त्यातील अडथळा बनावे? रिकाम्या बाटल्या खाली सिंध नदीच्या प्रवाहात भिरकावणेही त्याच जातीचे.

नमाजसाठी जागा आधीच ठरवावी. खिंडीपूर्वी सोनमर्गला, नंतर द्रास वा कारगिलला थांबता येते. प्रवाशाला चार रकअतींच्या जागी दोनच आहेत, प्रेषितांनी (स.) या सवलतीला अल्लाहने दिलेले दान म्हटले आणि ते स्वीकारण्यास सांगितले (मुस्लिम). इतकी सोय असताना “हॉटेलवर पोहोचल्यावर बघू” म्हणून जोहर-असर हातची घालविण्याचे कारणच उरत नाही.

घराकडे निघतानाही हीच शिस्त हवी. प्रेषित (स.) सफरीहून परतले की प्रथम मस्जिदीत जात, दोन रकअत नमाज अदा करीत आणि मग लोकांना भेटण्यासाठी बसत.