नकाशात नसलेले घर

आमचे जुने घर जांभ्याच्या चिऱ्यांचे होते. वर नळीची कौले, पुढे पडवी, मागे न्हाणी. २०१९ च्या उन्हाळ्यात ते उतरवून त्याच जागी नवे घर बांधायचे ठरले. पती नोकरीनिमित्त कुवेतला, सासरे वयाने थकलेले. त्यामुळे बांधकाम करून घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. फळ्यावर आयत काढणे वेगळे आणि त्या आयतात आयुष्यभर राहायचे घर बसवणे वेगळे, हे मला तेव्हा समजले.

नणंदेचा मुलगा मुंबईत बांधकामाचे शिक्षण घेत होता. तो सुट्टीत लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, “मामी, तुम्ही फक्त सांगा, कुठे काय हवे.” त्याने पडद्यावर एक चौकट काढली, माऊसने धरून वर ओढली आणि पाहता पाहता खोली उभी राहिली. मी म्हटले, स्वयंपाकघर पूर्वेला घे, सकाळचा उजेड येऊ दे. त्याने भिंत सरकवली, खिडकी रुंद केली आणि त्या न बांधलेल्या स्वयंपाकघरात ऊन कसे पडेल तेही दाखवले.

त्या क्षणी मला काय वाटले ते सांगितले पाहिजे. माझ्या सासूबाईंनी पस्तीस वर्षे ज्या स्वयंपाकघरात धूर गिळला, ते कुठे असावे हे त्यांना कोणी विचारले नव्हते. घरातले वडीलधारे पुरुष आणि मिस्त्री यांनी खळ्यात उभे राहून ते ठरवले होते. भिंती उभ्या राहिल्यावरच बायकांना कळायचे की आपली चूल कुठे आहे. मला मात्र भिंत बांधण्याआधी ती पाहता आली आणि नको तर ‘नको’ म्हणता आले. माझा हक मला एका यंत्राने मिळवून दिला. म्हणून पुढे जे लिहिणार आहे ते यंत्राविरुद्ध गाऱ्हाणे समजू नये.

वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला एक मोठी खिडकी घेतली होती. पडद्यावर ती फार सुंदर दिसत होती, कारण तिच्यापलीकडे फक्त निळे आकाश आणि हिरवी जमीन होती. पतींना फोनवर चित्र पाठवले, त्यांनाही आवडले. काम त्या उंचीला आले तेव्हा मिस्त्री थांबले. हे मिस्त्री आमच्या भागात चाळीस वर्षे घरे बांधत आलेले. म्हणाले, “बाई, ही खिडकी इथंच घ्यायची काय?” माझ्या हातात छापलेला रंगीत नकाशा होता. मी म्हटले, “नकाशात आहे तशी घ्या.” त्यांनी एकदा कागदाकडे पाहिले, एकदा मागच्या बाजूला पाहिले आणि कामाला लागले.

मागच्या बाजूला शेजारच्या चाचींचे परसू आहे. तिथे त्यांची विहीर, धुण्याची दगडी शिळा, नातवंडांना आंघोळ घालण्याची जागा. विधवा बाई, आयुष्यभर त्या परसात डोक्यावरची ओढणी खाली ठेवून मोकळेपणाने वावरलेल्या. आम्ही नव्या घरात राहायला गेलो आणि महिन्याभरात चाचींनी शिळेच्या बाजूने दोन बांबू रोवून निळी ताडपत्री बांधली. तक्रार केली नाही. ईदला शीरखुर्मा पाठवला, नेहमीसारखाच. ताडपत्री मात्र पाऊस संपला तरी उतरली नाही.

ती कशासाठी आहे हे मला बरेच दिवस समजले नाही. एका दुपारी खिडकीत उभी राहून वाळवण पाहत होते, तेव्हा ताडपत्रीच्या कडेने चाची मान खाली घालून पटकन आत जाताना दिसल्या आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. ही चूक कोणाची? मिस्त्रींची नाही, त्यांनी विचारले होते. भाच्याची म्हणावी तर त्याला सांगितले तेवढे त्याने केले. यंत्राची म्हणावी तर ते काय जाणते? उत्तर शोधता शोधता मी या यंत्राच्या जन्माची माहिती वाचत गेले आणि मला जे सापडले ते वाचकांपुढे ठेवते.

१९६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इव्हान सदरलँड नावाच्या तरुण विद्यार्थ्याने डॉक्टरेटसाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम सादर केला. प्रकाशाच्या पेनने थेट पडद्यावर रेघा काढायच्या. आज सगळी चित्रे, नकाशे, आराखडे ज्या संगणकावर निघतात त्याचे मूळ तिथे आहे. परंतु रेघ काढता येणे हा त्यातला लहान भाग होता. मोठी गोष्ट पुढे आहे. सदरलँड वर्तुळात एक वेडावाकडा षटकोन काढायचा आणि यंत्राला सांगायचा, याच्या सहाही बाजू समान कर. यंत्र स्वतःच कोपरे सरकवून तो नियमित षटकोन करायचे. दोन रेघा समांतर ठेव म्हटले की पुढे काहीही हलवले तरी त्या समांतरच राहायच्या. अशा नियमांना त्याने बंधने म्हटले. यंत्राला बंधन सांगा, ते बंधन यंत्र पाळील. आणखी एक सोय होती. एका मूळ आकृतीच्या अनेक प्रती करायच्या. मूळ बदलले की सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. सदरलँडला १९८८ साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्यानंतर १९८२ साली ऑटोकॅड आले आणि टेबलावरच्या साध्या संगणकावर नकाशे काढता येऊ लागले. २००० साली दोन नवी सॉफ्टवेअर आली. एक रेव्हिट. त्यात घर म्हणजे रेघांचा समूह नाही, भिंत ही भिंत म्हणून आणि दार हे दार म्हणून ओळखले जाते. एका ठिकाणी दार सरकवले की सगळ्या नकाशांत आणि दारांच्या यादीतही ते सरकते. दुसरे स्केचअप. सपाट आकृती धरून ओढली की तिचा ठोकळा व्हावा, ही युक्ती त्याने लोकप्रिय केली आणि २००३ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. २००६ मध्ये ती कंपनी गूगलने घेतली, एक आवृत्ती फुकट वाटली आणि २०१२ मध्ये ती ट्रिंबल कंपनीकडे गेली. कधीही आर्किटेक्टच्या पायरीवर न चढलेल्या माणसालाही मग स्वतःचे घर पडद्यावर उभे करता आले. आता तर मोठ्या इमारतींच्या आराखड्यात पाण्याचा पाइप तुळईतून आरपार जात असेल तर यंत्र आधीच इशारा देते की इथे टक्कर आहे.

हे वाचताना मी थबकले. पाइप आणि तुळई यांची टक्कर यंत्राला कळते. माझी खिडकी आणि चाचींची लाज यांची टक्कर मात्र कळली नाही, कारण ते बंधन कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या नकाशात चाचींचे घरच नव्हते. आमच्या प्लॉटची हद्द संपली की पुढे नुसती हिरवी जमीन.

कोणी म्हणेल, पूर्वीच्या कागदी नकाशात तरी शेजाऱ्याचे घर कुठे असायचे? खरे आहे. आणि बंधनांनी आकार जमवण्याची विद्याही नवी नाही. विजापूरचा गोलघुमट पाहा. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाचा तो मकबरा. चौरस दालनावर सुमारे ४४ मीटर बाह्य व्यासाचा गोल घुमट बसवायचा, मध्ये एकही खांब नाही. कारागिरांनी एकमेकांवर फिरवलेल्या दोन चौरसांच्या हिशोबाने आठ कमानी एकमेकींत गुंफल्या आणि चौकोनाला हळूहळू वर्तुळाजवळ नेले. हे काम याकूत नावाच्या दाभोळच्या माणसाचे असे परंपरेने सांगितले जाते. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, आपल्याच खाडीच्या तोंडावरचे दाभोळ. सदरलँडच्या षटकोनामागचे भूमितीचे डोके आणि त्या कमानींमागचे डोके एकाच जातीचे आहे.

फरक मला दुसरीकडे दिसतो. आमच्या जुन्या घराची आखणी मिस्त्रींच्या वडिलांनी जमिनीवर केली होती. खुंट्या, दोरी आणि फक्की. दोरी धरायला शेजारचे कोणीतरी यायचेच. चाचींचे सासरे तेव्हा उभे होते असे सासरे सांगतात. ज्या जमिनीवर घर व्हायचे तिच्यावरच उभे राहून घर आखायचे म्हटले की शेजारी नजरेआड होऊ शकत नाही. त्या आखणीत शेजाऱ्याचा हक सांभाळला गेला, पण घरातल्या बाईची चूल अंधारात राहिली. आमच्या आखणीत बाईची चूल उजेडात आली, पण शेजारची बाई अंधारात गेली. जो समोर उभा असतो त्याचाच हक सांभाळला जातो. खळ्यात सासूबाई नव्हत्या आणि पडद्यासमोर चाची नव्हत्या.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे, हे आपल्याला फारसे सांगितले जात नाही. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये इब्न अर्‌-रामी नावाचा एक कसबी गवंडी होऊन गेला. भिंत, पाणी, खिडकी यांवरून शेजाऱ्यांचे तंटे काझीपुढे आले की जागेवर जाऊन पाहणी करून सल्ला देणे हे त्याचे काम. त्या अनुभवावर त्याने बांधकामाच्या नियमांचा एक ग्रंथच लिहिला. गवंड्याच्या शंकेला न्यायाच्या दरबारात जागा होती! मी माझ्या मिस्त्रींच्या शंकेला खळ्यातही जागा दिली नाही.

मालिकी परंपरेत हजरत उमर यांच्याविषयी एक रिवायत सांगितली जाते. मिसरमध्ये एकाने घरावर खोली चढवली आणि तिथून शेजाऱ्याकडे नजर जाते असा वाद निर्माण झाला. खलिफांनी कळवले की खिडकीखाली एक खाट ठेवा, तिच्यावर फार उंच नाही आणि फार बुटकाही नाही असा माणूस उभा करा. त्याला पलीकडचे दिसत असेल तर बांधकामाला मनाई, दिसत नसेल तर खुशाल राहू द्या. किती साधी परीक्षा आहे पाहा. कोणाच्या नियतीवर शंका नाही, कोणाला दूषण नाही. खिडकी बांधणारा वाईट आहे का हे विचारायचेच नाही. तिथे माणूस उभा करायचा आणि त्याला काय दिसते ते पाहायचे.

पुढच्या सुट्टीत भाचा आला तेव्हा मी त्याला ही रिवायत सांगितली. तो गप्प झाला, मग लॅपटॉप उघडला. चाचींच्या परसाची मापे आम्ही आमच्याच आवारातून अंदाजाने घेतली. त्याने घर, विहीर, शिळा असे चार ठोकळे काढले. त्या सॉफ्टवेअरमध्ये मापाचा अंदाज यावा म्हणून माणसाची एक आकृती असते. ती त्याने शिळेपाशी नेऊन ठेवली. मग पाहणाऱ्याचा डोळा आमच्या खिडकीत, उभ्या बाईच्या उंचीवर बसवला. पडद्यावर ती आकृती पायापासून डोक्यापर्यंत स्पष्ट दिसत होती. हे सगळे करायला दहा-पंधरा मिनिटे लागली असतील.

यंत्राला हे येत होते. पहिल्या दिवशीही येत होते. खाटेवर माणूस उभा करण्याची खलिफांची युक्ती त्याच्या पोटात तयार होती, आम्ही विचारले नव्हते. म्हणून आता कोणी म्हणाले की यंत्रांमुळे माणुसकी गेली, तर मी मान डोलवत नाही. आणि कोणी म्हणाले की यंत्र अधिक हुशार झाले की अशा चुका आपोआप टळतील, तर तेही मला पटत नाही. आज तर दोन ओळी लिहिल्या की घराचे चित्र काढून देणारे प्रोग्रॅम आले आहेत. सांगितलेली बंधने यंत्र आपल्यापेक्षा प्रामाणिकपणे पाळील. परंतु कोणकोणते हक बंधन म्हणून सांगायचे, कोणाला नकाशात घ्यायचे, हा हिशोब आपल्याकडेच राहतो. त्याचा जबाबही आपल्यालाच द्यायचा आहे. चित्र जितके सुबक, तितका आपल्याला या हिशोबाचा विसर पडण्याचा धोका जास्त. त्या रंगीत कागदाने मला खोटे काही सांगितले नव्हते. त्याच्या सुबकपणाने मी फक्त एका अनुभवी माणसाचे तोंड बंद केले.

मिस्त्रींना पुन्हा बोलावले. झाल्या प्रकाराबद्दल त्यांची माफी मागितली. ते हसले, म्हणाले, “बाई, तुमच्या हातात कागद होता.” एवढेच. त्यांनी खिडकीचा खालचा भाग चिरे लावून बंद केला. आता उजेड आणि वारा येतो, आकाश दिसते, परसू दिसत नाही. स्वतः खाट ठेवून, तिच्यावर उभी राहून मी खात्री करून घेतली. बाहेरून पाहिले तर ठिगळ ओळखू येते. चाचींनी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. आठवड्याने ताडपत्री उतरली, बांबू मात्र अजून तिथेच आहेत. त्यांवर त्या आता पडवळाचा वेल चढवतात.

दरवर्षी मी सातवीच्या मुलांना प्रमाण शिकवताना स्वतःच्या घराचा नकाशा काढायला लावते. आता त्यात एक अट वाढवली आहे. आधी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची घरे तुटक रेघेने काढायची, मग मध्ये आपले. मागच्या वर्षी एका मुलीने विचारले, “टीचर, पुस्तकात तर असे नाही. याचे मार्क किती?” मी तिला खरे ते सांगितले, की याला मार्क नाहीत. ती थोडी हिरमुसली. मग पट्टी घेऊन बसली आणि तुटक रेघ काढू लागली.