तुटलेल्या पाट्या आणि जुने टेबल



'वय्याकहेल' या पाराशात मोशे सर्व इस्राएल लोकांना एकत्र बोलावतो. परमेश्वरासाठी निवासमंडप उभारायचा आहे. कोणी सोने आणावे, कोणी निळे सूत, कोणी बकऱ्याचे केस, तर कोणी बाभळीच्या फळ्या. पण या कामाची यादी वाचून दाखवण्यापूर्वी मोशे एक वेगळीच आज्ञा सांगतो. सहा दिवस काम करावे, सातवा दिवस शब्बाथ पाळावा. खुद्द परमेश्वराचे घर बांधायचे, तरी तेही काम शुक्रवारी सूर्य मावळताच थांबले पाहिजे. आधी शब्बाथ आणि मग रंधा-करवत, असा तोरेचा क्रम आहे. आजच्या प्रवचनात हा क्रम आपल्याला पुन्हा लागणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

आज मला जुन्या लाकडी सामानाविषयी बोलायचे आहे. हा काय धर्माचा विषय झाला, असे काहींना वाटेल. परंतु कराराचा कोश हेसुद्धा लाकडी सामानच होते. बाभळीच्या लाकडाची ती पेटी आतून आणि बाहेरून सोन्याने मढवलेली होती. बाहेरचे सोने लोकांना दिसते, पण आतले कोणाला दिसणार? तालमूदातील आचार्यांनी त्यावरून शिकवले की ज्याचे अंतर त्याच्या बाह्य रूपासारखे नाही, तो खरा विद्वान नव्हे. पेटीच्या आतील बाजूवरून एवढा मोठा धडा मिळतो, तर आपल्या घरातील टेबल-खुर्चीकडेही जरा नीट पाहायला हरकत नाही.

आपण घरदार सोडून परमुलखात आलेली माणसे. येताना ट्रंकेत मावले तेवढे आणले. शिसवी कपाट, सागवानी टेबल, आजोबांची आरामखुर्ची बहुतेकांची मागेच राहिली. ज्यांनी हौसेने आणली त्यांना इथे दुसराच अनुभव आला. कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगते आणि खण उघडता उघडत नाही. इथे आयर्लंडमध्ये बाहेर बारमाही ओल, आणि घरात हीटरची कोरडी ऊब. त्या उबेने लाकूड आक्रसते, फळीला चीर जाते, सांधे ढिले होतात. परदेशात माणसाचेही असेच होते. जुने सांधे नव्या हवेत सैल पडतात. त्यात माणसाचा दोष नाही आणि लाकडाचाही नाही. मात्र चीर दिसू लागल्यावर आपण काय करतो, हे आपल्या हातात असते.

ज्या देशात आपण राहतो तेथील गरीब शेतकऱ्यांनी या बाबतीत मोठे शहाणपण दाखवले आहे. त्यांच्याकडे 'सूगान' नावाची खुर्ची असे. तिची बैठक पेंढ्याच्या पिळलेल्या दोरीने विणलेली. दोरी झिजली की नवी वळायची आणि त्याच चौकटीवर पुन्हा विणायची. आपल्याकडे काथ्याची बाज अशीच पुन्हा पुन्हा विणली जाई, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यांचा दुसरा प्रकार म्हणजे 'सेटल' पलंग. दिवसा पाठीचे बाकडे, आणि रात्री तेच उघडून मुलांची झोपायची जागा. लहान घरात मोठे कुटुंब सामावण्याची ती युक्ती होती. ओल्या मातीच्या जमिनीवर ठेवलेल्या सामानाचे पाय आधी कुजत. म्हणून काही फडताळांना खाली आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असत. त्या कुजल्या की फक्त पट्ट्या बदलायच्या, फडताळ टिकून राहायचे. खराब झाला तेवढाच भाग बदलायचा आणि चांगला आहे तो सांभाळायचा, हे तत्त्व त्यांना कोणी शाळेत शिकवले नव्हते.

आपल्या धर्मशास्त्रात त्याला आज्ञेचे स्थान आहे. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, शहराला वेढा घातला असतानासुद्धा फळझाडे तोडू नयेत, असे सांगितले आहे. त्यावरून रब्बींनी 'बाल तश्खीथ', म्हणजे उपयोगी वस्तूचा विनाकारण नाश करू नये, हा नियम ठरवला. दुरुस्त होण्यासारखी खुर्ची कचऱ्यात टाकणे म्हणजे केवळ पैशाचे नुकसान नव्हे, त्यात धर्माचाही प्रश्न येतो.

जुन्या सामानाच्या कामाची रीतही पाहण्यासारखी आहे. जुने सुतार सांधे सरसाने जोडत. सरस ऊब आणि ओल मिळाली की सुटतो. त्यामुळे शंभर वर्षांनी दुसऱ्या कारागिराला तो सांधा न तोडता उघडता येतो. वरचे पॉलिश चपडा लाखेचे. ही लाख बारीक किड्यांपासून मिळते आणि आपल्या भारतातूनच जगभर जात आली आहे. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात द्यायचा. एक हात वाळला की दुसरा. जाड थर एकदम दिला तर चिकट होतो, चमक येत नाही. आणि भुंगा लागलेल्या लाकडावर नुसते पॉलिश फासून चालत नाही. खाली ताजी पिठी पडत असेल तर किडा आत जिवंत आहे, असे समजावे. आधी किडीचा बंदोबस्त, मग भेगा भरणे, मग काचपेपर, आणि अगदी शेवटी चमक.

बंधूंनो, तेशुबेची रीत याहून निराळी आहे काय? नवियाच्या सणापासून दारफाळणीच्या सणापर्यंत दहा दिवस आपण हेच करतो. आधी आतली कीड शोधायची, ज्याचे मन दुखावले त्याच्या दारी जाऊन क्षमा मागायची, आणि मग देवापुढे उभे राहायचे. वरचे पॉलिश आधी लावणाऱ्याचे काम टिकत नाही.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात योवाश राजाची गोष्ट आहे. मंदिराला भगदाडे पडली होती. दुरुस्तीचा हुकूम सुटला होता, याजकांकडे पैसा येत होता, तरी राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले आणि काम काही झाले नाही. भगदाडे सर्वांना दिसत होती. सर्वांना त्यांची सवय झाली होती. अखेर यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. येणाऱ्याने तिच्यात पैसा टाकावा. तो पैसा सुतारांना आणि गवंड्यांना दिला गेला, आणि ते सचोटीने वागत म्हणून त्यांच्याकडे हिशेबही मागितला गेला नाही. पुढे योशिया राजाच्या दिवसांत पुन्हा मंदिराची दुरुस्ती निघाली. त्या वेळी मुख्य याजक हिल्कीया याला मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. नवे मंदिर बांधताना तो सापडला नाही, जुन्याची डागडुजी चालली असताना सापडला, याचा विचार करावा.

आयर्लंडमधील आपल्या यहुदी बांधवांनीही असे काम केलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाकडून आलेली कुटुंबे डब्लिनच्या साउथ सर्क्युलर रोड आणि क्लॅनब्रासिल स्ट्रीटच्या आसपास राहिली. लोक त्या वस्तीला 'लिटल जेरुसलेम' म्हणत. मुंबईत मांडवीच्या सॅम्युएल स्ट्रीटवर, समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलेल्या मशिदीभोवती आपली वस्ती होती, तसाच तो मोहल्ला. १९४६ च्या खानेसुमारीत आयर्लंडमध्ये ३,९०७ यहुदी होते. पुढे मुले परदेशी गेली, उरलेली उपनगरात गेली. वॉलवर्थ रोडवरील दोन जोडघरांतले प्रार्थनालय १९७० च्या दशकात बंद पडले आणि कित्येक वर्षे कुलपात राहिले. समाजातील काही मंडळींनी ते विकून न टाकता पुन्हा उभे केले. २० जून १९८५ रोजी इस्राएलचे अध्यक्ष हाईम हेर्झोग यांनी तेथे आयरिश यहुदी संग्रहालयाचे उद्घाटन केले. हेर्झोग १९१८ साली बेलफास्टमध्ये जन्मले आणि डब्लिनच्या त्याच वस्तीत वाढले. त्यांचे वडील आयर्लंडचे मुख्य रब्बी होते. वरच्या मजल्यावर जुने प्रार्थनालय त्याच्या सर्व सामानासह जपले आहे. खाली एका साध्या यहुदी घराचे स्वयंपाकघर मांडले आहे.

सगळ्याच वास्तूंच्या नशिबी हे आले नाही. डब्लिनच्या ॲडलेड रोडवरील १८९२ चे मोठे प्रार्थनालय १९९९ साली बंद झाले. त्याची दर्शनी भिंत राखली गेली, पण तिच्या मागे आता कचेऱ्या आहेत. कॉर्क शहरातील प्रार्थनालय २०१६ मध्ये बंद झाले. रेवदंडा, अलिबाग येथील आपल्या मशिदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

अशा वेळी जुन्या सामानाचे काय करावे, याचाही विचार तालमूदाने केलेला आहे. मगिल्ला या भागात म्हटले आहे की तोरा ठेवण्याची पेटी खिळखिळी झाली तर तिच्या लाकडाची लहान पेटी करावी, पण तिचा चौरंग करू नये. चौरंग मोडला तर त्याचा लहान चौरंग करावा, पण त्याहून खालच्या कामाला लाकूड लावू नये. पवित्र गोष्टीत वर चढावे, खाली उतरू नये, हा नियम. मोडलेल्या वस्तूचा आकार लहान झाला तरी चालेल, मान लहान होता कामा नये. लहान होत चाललेल्या आपल्या समाजालाही हा नियम लागू आहे. मिन्यानला जेमतेम दहा माणसे जमतात म्हणून प्रार्थना अर्धवट करायची नसते.

आता घराकडे येऊ. मंदिर उभे होते तोवर वेदी प्रायश्चित्त करीत असे; आज माणसाचे जेवणाचे टेबल प्रायश्चित्त करते, अशी आचार्यांची शिकवण आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या एकाच वचनात आरंभी वेदी येते आणि शेवटी तिलाच टेबल म्हटले आहे, हा त्यांचा आधार. स्पेनचे भाष्यकार रब्बेनू बहया लिहितात की फ्रान्समधील धार्मिक माणसे ज्या टेबलावर गरिबांना जेवू घालत त्याच टेबलाच्या फळ्यांची आपली शवपेटी करवून घेत. माणूस जाताना काहीच नेत नाही. त्याने दिलेले अन्न मात्र त्याच्याबरोबर जाते, हे त्यांना सांगायचे होते.

म्हणून टेबल दुरुस्त करणाऱ्याने स्वतःला विचारावे, हे टेबल मी कशासाठी उभे करतो आहे? आपल्या घरांत नवरा-बायको दोघेही नोकरीला, कोणाची रात्रपाळी, मुलांचा अभ्यास, हिब्रूचा वर्ग. अशात एखादा गृहस्थ सुटीच्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये शिरतो तो रात्री बाहेर येतो. टेबल आरशासारखे चमकते, पण त्याच्याभोवती बसायला कोणी उरत नाही. मग मुलांनी त्यावर पेला ठेवला तरी ओरडा. ही भक्ती नव्हे, ही लाकडाची पूजा झाली, आणि तिच्याविरुद्ध आपले संदेष्टे काय बोलले आहेत ते आपण जाणता.

यावर उपाय तोरेतच आहे. पहिला उपाय मी आरंभी सांगितलेला क्रम. शब्बाथाला मना असलेली एकोणचाळीस कामे निवासमंडपाच्या कामांवरूनच ठरवली आहेत. त्यांतले एक म्हणजे वस्तू पुरी करणारा शेवटचा हातोड्याचा घाव. एक घाव उरला असला तरी शुक्रवारी हातोडा खाली ठेवावा. काम अपुरे टाकता येणे हीही श्रद्धाच आहे.

दुसरा उपाय, मुलांना हाताशी घ्यावे. बापाने मुलाला हुन्नर शिकवावा, अशी आचार्यांची आज्ञा आहे. निवासमंडपाचा कारागीर बसालेल त्या वेळी तेरा वर्षांचा होता, असा हिशेब तालमूदात मांडला आहे. तेव्हा बार मिस्वाच्या मुलाच्या हाती काचपेपर द्यायला काय हरकत आहे? मुलीलाही द्यावा, निवासमंडपासाठी सूत कातणाऱ्या स्त्रियांचे कौतुक त्याच पाराशात आहे. मुंबईत आल्यावर आपल्या पूर्वजांपैकी अनेकांनी सुतारकाम आणि गवंडीकाम केले. तो हुन्नर आपल्या हातांना परका नाही. लाकूड घासता घासता मुले विचारतील, हे टेबल कोणाचे होते? तेव्हा आजीचे नाव सांगावे, गावाचे नाव सांगावे, त्या टेबलावर मलिद्याचे ताट कसे मांडले जाई ते सांगावे. जे जपायचे आहे ते या गोष्टीतच आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. सोन्याच्या वासराचे पाप पाहून मोशेने दगडी पाट्या फोडल्या. पुढे नव्या पाट्या मिळाल्या. मग फुटक्या तुकड्यांचे काय झाले? आचार्य सांगतात की ते टाकून दिले नाहीत. अखंड पाट्यांच्या शेजारी त्याच कोशात ठेवले. वाळवंटात इस्राएल लोकांनी अखंड आणि फुटके दोन्ही एकाच पेटीतून खांद्यावर वाहिले. यावरून त्यांनी शिकवले की म्हातारपणाने ज्याचे ज्ञान विसरले गेले, त्या वृद्धालाही आपण तितकाच मान द्यावा.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील आज नावे विसरतात, एकच प्रश्न चार वेळा विचारतात. काही जण वृद्धाश्रमात आहेत, काही दूर मुंबईत किंवा लोदला फोनची वाट पाहत आहेत. आजोबांच्या खुर्चीला चार हात पॉलिश देणाऱ्याने त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विसरू नये. सूर्यास्ताला अजून वेळ आहे. हातातला बोळा ठेवा आणि आधी त्यांना फोन करा.

परमेश्वर आपल्या घरांचे सांधे मजबूत राखो, आणि आपल्या टेबलांवर शब्बाथाचे दिवे सदैव तेवत ठेवो. आमेन.