डोकी मोजली, फांद्या कोण मोजणार?

सिंहपुच्छ वानर जगात फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत सापडतो. जंगलात उरलेली संख्या चार हजारांच्या आसपास सांगतात. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला जागा आहे. कागदावर एवढं संरक्षण क्वचितच कुणाला मिळतं. तरीही या आकड्यांवर विसंबून त्याचं बरं-वाईट ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

तमिळनाडूतल्या आनैमलैच्या डोंगरांत वालपराईचं पठार आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी तिथलं सदाहरित जंगल तुटलं आणि मधूनमधून तुकडे उरले. पुदुतोट्टम हा त्यातलाच एक, शंभर हेक्टरही न भरणारा. तिथे दीडशेहून अधिक सिंहपुच्छ राहतात. नुसती डोकी मोजणाऱ्याला ही यशोगाथाच वाटेल. पण एरवी जमिनीला क्वचितच पाय लावणारं हे जनावर तिथे रस्ते ओलांडतं, कौलांवर चढतं, स्वयंपाकघरात शिरतं. काही गाड्यांखाली येतात. संरक्षकांनी रस्त्यांवर झुलते पूल बांधले, वानर ते वापरतातही. काम चांगलंच आहे, पण ती तुटलेल्या हाडाला बांधलेली फळी आहे.

या वानराचं सगळं जगणं झाडांच्या माथ्यावर चालतं. दक्षिणेत तो कलेनिया या उंच वृक्षाची फुलं आणि काटेरी फळांतल्या बिया खातो. मादी पहिल्यांदा विते ती सहा-सात वर्षांची झाल्यावर, आणि दोन बाळंतपणांत काही वर्षांचं अंतर. नर वयात आला की दुसरी टोळी गाठतो. वाटेत फांदीला फांदी भिडलेली नसेल, तर तो तिथेच अडकतो आणि तुकड्यातलं रक्त तुकड्यातच फिरत राहतं. डोक्यांच्या गणनेत हे दिसायला पिढ्या जातात.

याच वानराचं घर असलेल्या केरळमधल्या सायलेंट व्हॅलीची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. कुंतिपुळा नदीवरचं १२० मेगावॅटचं धरण १९८३ मध्ये बारगळलं, पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. माणसं मोठी की माकडं, हा टोमणा तेव्हाही होताच. त्या विजयाने आपल्याला एक सोयीची समजूतही दिली: कुंपण घातलं की काम झालं.

उत्तर कन्नडमधल्या शिरसी-होन्नावरच्या जंगलांनी ती खोटी ठरवली आहे. तिथे सहाशेहून अधिक सिंहपुच्छ मोजले गेले, तेही सुपारीच्या बागा, वस्त्या आणि राखीव वनांच्या सरमिसळीत. स्थानिक लोक त्याला सिंगळीक म्हणतात. कलेनिया तिथे नाही. पण कोकमाच्या कुळातलं उप्पगे आहे. त्याची फळं माकडालाही हवीत आणि साली वाळवून विकणाऱ्या माणसालाही. फळांसाठी फांद्या तोडल्या, साली वाळवायला सरपण जाळलं, की नुकसान दोघांचंही. म्हणून तिथे फळं काढण्याची रीत गावाशी बसून ठरवणं हेच संवर्धन. वनरक्षक वाढवून ते साधणार नाही.

आता याच मुलखात शरावती नदीवर २००० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आखला आहे. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. सौर-पवन विजेच्या साठवणीसाठी अशी सोय लागणार, हे मी मान्य करतो. पण जागा निवडली आहे ती २०१९ मध्ये सिंहपुच्छाच्या नावाने जाहीर झालेल्या अभयारण्यात. बोगदे जमिनीखालून जातील, हा बचाव अपुरा आहे. रस्ते आणि बोगद्यांतून निघालेला राडारोडा जमिनीवरच राहतो. वीजवाहिन्यांखाली तर झाडं उंच वाढूच देत नाहीत. तोडलेल्या झाडांइतकी रोपं दुसरीकडे लावून हिशेब जुळवता येतो, टोळ्यांमधली तुटलेली वाट त्या रोपांनी जुळत नाही. परवानगी मागणाऱ्या अहवालात किती झाडं जाणार हे लिहिलेलं पुरेसं नाही. कुठल्या टोळीचा कुठल्या टोळीशी संबंध तुटणार, हा रकाना भरून दिल्याशिवाय तो अहवाल स्वीकारू नये.