गप्प राहिलेल्या माणसाच्या वतीने

१९८९च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात दिग्दर्शक आयझॅक ज्युलियन यांचा ‘लुकिंग फॉर लँग्स्टन’ दाखवला गेला, तेव्हा मध्येच आवाज बंद केला गेला. पडद्यावर चित्रं हलत होती, पण कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या ओळी प्रेक्षकांना ऐकू येत नव्हत्या. ह्यूज यांच्या साहित्याचे हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांनी हरकत घेतली होती. साधारण पाऊण तासाचा हा कृष्णधवल चित्रपट न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीच्या कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या प्रेमाविषयी आहे आणि त्या जगात तो ह्यूज यांनाही शोधतो.

२०२३ साली लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये ज्युलियन यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. ते पाहून निघालेल्या एका मराठी मावशी-भाच्यात या प्रसंगावरून वाद रंगला. मावशीचं आयुष्य जुनी कागदपत्रं सांभाळण्यात गेलेलं. भाचा चित्रपट संकलक.

“ह्यूज १९६७ साली गेले,” मावशी म्हणाली. “आपलं प्रेम कुणावर, हे त्यांनी कधी जाहीर केलं नाही. त्यांचे चरित्रकार अर्नॉल्ड रॅम्परसॅड यांनाही ठोस पुरावा मिळाला नाही. मग ते जे बोलले नाहीत, ते त्यांच्या माथी का मारायचं?”

“पण माणूस गप्प राहिला, तरी लोक ती जागा रिकामी ठेवतात का? त्याला बाईच आवडत असणार, असं धरूनच चालतात. त्याचा पुरावा कुणी मागत नाही.”

“एक गृहीतक चुकीचं, म्हणून त्या जागी दुसरं बसवायचं? लेखणीवर पोट भरणारा कृष्णवर्णीय कवी तो. प्रकाशक, वाचक, चर्च, सगळ्यांना धरून राहायचं होतं त्याला. त्याने विचार करून दार लावून घेतलं असेल, तर ते फोडणारे आपण कोण?”

भाच्याने काळाची आठवण दिली. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये कलम २८ आलं आणि समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ द्यायला स्थानिक प्रशासनांना मनाई झाली. एड्सने तरुण माणसं मरत होती. सेंट लुशियाहून आलेल्या आईवडिलांचा, लंडनमध्ये वाढलेला ज्युलियन तेव्हा तिशीचाही नव्हता. “आपल्यासारखं आधी कुणी जगून गेलंय का, हे शोधणं ही त्याची चैन नव्हती, मावशी.”

“गरज मला कळते. पण गरज आहे म्हणून परवानगी मिळत नाही.”

मग भाच्याने चित्रपटच पुढे केला. त्यातल्या नायकाचं नाव लँग्स्टन नाही, अलेक्स आहे, आणि ते लेखक रिचर्ड ब्रूस न्यूजंटच्या १९२६ सालच्या समलिंगी प्रेमाच्या कथेतून आलेलं आहे. चित्रपटातलं हार्लेम लंडनमध्ये उभं केलेलं आहे. त्यात एसेक्स हेम्पहिल या ज्युलियनच्या समकालीन कवीच्याही कविता आहेत. शवपेटीभोवती माणसं जमतात त्या दृश्यात पेटीत खुद्द ज्युलियन झोपलाय. “ह्यूज यांच्या तोंडी त्याने कबुली घातली नाही. प्रेताच्या जागी तो स्वतः गेला.”

हे मावशीला पटलं. शोधणाऱ्याने आपण शोधतोय हे लपवलेलं नाही, असं ती म्हणाली.

ज्युलियन यांच्या पुढच्या कामातही हा प्रामाणिकपणा दिसतो. २०१० सालची ‘टेन थाउजंड वेव्ह्ज’ ही कलाकृती नऊ पडद्यांवर चालते. इंग्लंडच्या मोरकॅम खाडीत २००४ साली बुडालेल्या चिनी मजुरांची आठवण तिच्यामागे आहे. पाहणाऱ्याला मान वळवावी लागते, जागा बदलावी लागते, आणि एकीकडे पाहताना दुसरीकडचं निसटतंच. सगळी हकीकत आपल्या हाती आहे, असा दावा या मांडणीत करताच येत नाही.

२०२२ साली ज्युलियन पुन्हा हार्लेमकडे वळले. फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशनमध्ये त्यांनी ‘वन्स अगेन... (स्टॅच्यूज नेव्हर डाय)’ ही पाच पडद्यांची कलाकृती मांडली. तिच्या केंद्रस्थानी तत्त्वज्ञ अ‍ॅलन लॉक आहेत. १९२५ साली ‘द न्यू निग्रो’ हा संग्रह संपादित करणारे आणि समलिंगी असणारे. त्यांची कागदपत्रं हॉवर्ड विद्यापीठात जपलेली आहेत.

“इथे तरी पुरावा आहे. आता तुझी हरकत नसावी.”

“लॉकबद्दल नाही. पण त्यांना आलेल्या पत्रांखाली दुसऱ्याच माणसांच्या सह्या असतात. त्यांना कोण विचारणार?”

“असं म्हटलं तर सगळी दप्तरं बंदच करावी लागतील. इतिहासात फक्त ज्यांना लपवण्यासारखं काही नव्हतं, तेच उरतील.”

“बंद नको करूस. मात्र दुसऱ्याबद्दल बोलशील ते स्वतःच्या नावाने बोल आणि जोखीम आपल्या अंगावर घे. ज्युलियनने पेटीत झोपून तेच केलं.”

भाच्याला ही अट पुरती मान्य नव्हती. ज्युलियन २०२२ पासून ‘सर’ आहेत. नाव लावून बोलणं त्यांना परवडतं. न्यूजंटने मात्र ती कथा ‘रिचर्ड ब्रूस’ एवढ्याच नावाने छापली, घरच्यांना मान खाली घालावी लागू नये म्हणून. ही अट त्याला घातली असती, तर अलेक्स आपल्यापर्यंत पोचला असता का?

“न्यूजंट स्वतःबद्दल लिहीत होता,” मावशी म्हणाली. “त्याला माझी अट नाही.”

“प्रेमाच्या गोष्टीत दुसरा माणूस असतोच की, मावशी. त्याची परवानगी न्यूजंटने घेतली होती का, हे तू विचारलंच नाहीस.”